शकुनबाईची अकरावी लाथ

अकोल्याच्या जुन्या शहरात शकुनबाईची काकडी डोळे मिटून घ्यावी असं गिऱ्हाइकं सांगतात. कारण साधं आहे. मळ्यातून टोपली आली की तिच्यातली एक काकडी ही बाई आधी स्वतः खाते. कडू लागली तर अख्खी टोपली बकऱ्यांपुढे जाते, मग नवरा कितीही कुरकुरो. घरात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तिचा हाच न्याय. सुनेसाठी नवा कुकर आणला तेव्हा आठ दिवस तिनेच वापरला. सासरे होते तेव्हा त्यांना नव्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, तर खोकल्याचं खोटं निमित्त काढून आधी ती एकटी जाऊन आली. "आपन पाह्यलं, मंग दुसऱ्याले द्याचं," एवढंच तिचं म्हणणं, आणि त्यात कधी बदल झालेला नाही.

त्यामुळे सुनेने तायक्वांदोच्या क्लासला जायचं काढलं, तेव्हा पुढे जे झालं ते होणारच होतं.

घर चार माणसांचं. मोर्णा नदीच्या काठाला दीड एकराचा मळा, त्यात इकडे सांभार म्हणतात ती कोथिंबीर, मेथी, वांगी, काकडी आणि बांधावर लिंबाची बारा झाडं. मळा पाहतात शकुनबाईचे यजमान वामनराव. बाजारात बसते ती स्वतः. मुलगा योगेश टेम्पोत भाजी भरून अमरावतीच्या मार्केटला नेतो. आणि वर्षभरापूर्वी बार्शीटाकळीहून लग्न होऊन आलेली करिश्मा, जी शाळेत असताना कबड्डीत पोरांनाही आवरत नसे, असं तिचा भाऊ लग्नात सांगत फिरत होता. इथे आल्यापासून तिचा आवाजच कोणी फारसा ऐकला नव्हता. दिवाळी झाल्यावर एक दिवस जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, "बाबा, तिकडं समाजमंदिराच्या हॉलात बायाइसाठी तायक्वांदोचा क्लास निंगाला. मी जाऊ काय?"

शकुनबाईचा घास हातातच राहिला. या मुलीने वर्षभरात स्वतःसाठी साधी साडी मागितली नव्हती. 

वामनराव वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. फक्त कोणतीही नवी गोष्ट ऐकली की ते खिशातली पितळी डबी काढतात. दोन तोंडांची डबी आहे ती, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. ती टकटक वाजवत विचार करतात आणि मग नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलवर जाऊन चौकशीही केली आणि संध्याकाळी निकाल दिला.

"पायातले जोडवे काढा लागते म्हने तिथं. हातातल्या बांगड्या बी. लग्नाले आत्ता कुठं वरीस झालं आन जोडवे काढाचे? आन हात-पाय मोडला त तिच्या बापाले मी काय सांगू?"

करिश्माने मान खाली घातली आणि ताटं उचलली. तिने हट्ट केला असता तर शकुनबाईला बरं वाटलं असतं. तिचं ते गुमान ताटं उचलणंच शकुनबाईला लागलं.

"थांबा," ती म्हणाली. "मी जाऊन पाहतो आंधी."

"तू? सत्तेचाळीस वर्साची तू लाथा मारायले जाशीन?" वामनराव हसले. "पाहून काय समजते? त्याइची पयली परीक्षा असते म्हने, पिवळ्या पट्ट्याची. तू त्याच्यात पास होऊन दाखव. मंग सुनेले पाठव."

थट्टेतच बोलले ते. पण शकुनबाईने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "ठरलं?"

"ठरलं," वामनराव म्हणाले, आणि डबी खिशात गेली.

क्लास घेणारी दामिनी मॅडम म्हणजे सत्तावीस वर्षांची, शेतकऱ्याच्या घरची, काळ्या पट्ट्याची पोरगी. नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला ती पहिल्या दिवशी तीन प्रश्न विचारते. जेवण कधी झालं, जुनं काही दुखणं आहे का, आणि कशासाठी आलात. शकुनबाईने पहिल्या दोनांची उत्तरं धडधडीत खोटी दिली. जेवण दुपारीच झालं म्हणाली, आणि निघण्याआधी दीड भाकर न् वांग्याची भाजी खाऊन आली होती. दुखणं काही नाही म्हणाली, आणि दोन वर्षांपूर्वी पाटाच्या कडेला घसरून पडल्यापासून तिचा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरत होता. तिसरं उत्तर मात्र खरं दिलं.

"माही सून येनार हाय. मी पाहून राहिली, कसं काय असते त."

दामिनी हसली आणि तिला सगळ्यात मागच्या रांगेत उभी केली. हॉलभर पळत तीन फेऱ्या, मग वाकणं, मग उड्या. वाकताना भाकर जागची हलली, उड्यांत वांगी वर आली, आणि शकुनबाई बाहेर नालीच्या काठाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म फुगला. तशीच लंगडत ती हॉलवर गेली आणि उंबऱ्यातच सांगून मोकळी झाली.

"मॅडम, काल दोनी खोटं सांगतलं मी."

"माहीत हाय काकू," दामिनी म्हणाली. "नवीन आलेल्या निम्म्या बाया खोटंच सांगतात. पोट लपत नाही आन गुडघा बी लपत नाही. पहिल्याच दिवशी सांगतलं असतं त कालचा दिवस वाया गेला नसता."

आठ दिवस तिने शकुनबाईला फक्त हातांचं शिकवलं, मग लाथ शिकवली ती कमरेपर्यंतची. बारा-तेरा वर्षांच्या पोरी शेजारी कानापर्यंत पाय नेत होत्या. त्यांच्याकडे पाहायचं नाही, ही दामिनीची ताकीद. "ज्यानं त्यानं आपल्या कालच्या लाथेकडं पाहाचं," ती म्हणे. शकुनबाईला हे पटायला वेळ लागला नाही. बाजारात शेजारणीच्या टोपलीकडे पाहत बसणाऱ्या बाईची स्वतःची भाजी सुकते, हे ती पंचवीस वर्षं पाहत आली होती.

आणि तिच्याकडे जे होतं ते त्या पोरींकडे नव्हतं. पाय फाकवून गुडघे वाकवायचे आणि तसंच उभं राहायचं, असा एक प्रकार असतो. कॉलेजच्या पोरींच्या मांड्या मिनिटात लटलट कापायला लागतात. पंचवीस वर्षं उकिडवं बसून भाजी विकलेली शकुनबाई पाच मिनिटं तशी उभी राहिली आणि वर विचारती झाली, "आजूक किती वेळ?" लाथ मारताना पोटातून ओरडावं लागतं, तर भल्या घरच्या पोरींचे आवाज घशातच अडकत. शकुनबाई पहिल्यांदा ओरडली तेव्हा रस्त्यावरचा कुल्फीवाला आत डोकावून गेला. गर्व म्हणाल तर झाला तिला. मीही असतो तर मला झाला असता.

कपड्यांचं म्हणाल तर पहिला महिना तिने करिश्माची सलवार आणि योगेशचा बियाण्याच्या जाहिरातीचा टीशर्ट घातला. पांढरा ड्रेस लगेच घ्यायला ती निघालीच होती, दामिनीने थांबवलं. "महिनाभर टिका काकू, मंग घ्या. कितीतरी जनीइचे ड्रेस नवेच्या नवे कपाटात पडून हाये." नखं मात्र पहिल्याच आठवड्यात कापायला लावली, मातीने काळी पडलेली, मुळापर्यंत. जोडवी साबण लावून निघाली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. बोटावर त्या जागी गोरा पट्टा उमटलेला होता. वर्गाच्या दिवशी जोडवी ती रुमालाच्या गाठीत बांधे आणि बाहेर पडताना आठवणीने घाले. एकदा घालायची विसरली, तशीच घरी आली. वामनरावांनी त्या पायांकडे पाहिलं, आणि जेवताना दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही.

वर्ग आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी. बाजाराची ऐन वेळ. त्या तीन दिवशी दुकानावर वामनरावांना बसावं लागे, आणि गिऱ्हाइकांची तोंडं वाकडी होत. कारण शकुनबाईकडे एक रीत आहे, तिच्या सासूपासून चालत आलेली. मोजून द्यायची वस्तू असली की दहापर्यंत मोठ्याने मोजायचं आणि दहा झाले की एक वरून टाकायचा, न मोजता, न बोलता. दहा लिंबांवर अकरावं लिंबू. दहा जुड्यांवर अकरावी जुडी. लिंबू महाग असो की स्वस्त, अकरावं पडणार. मागावं लागत नाही, तिचा हातच थांबत नाही. वामनराव मात्र दहा मोजतात आणि हात पुसतात.

"काका, वरून?" बाया विचारत.

"दहा म्हनले, दहा देले," वामनराव सांगत. "वरचं पायजे असन त उद्या या. उद्या ते बसते."

घरी सराव चाले तो मळ्यातल्या विहिरीजवळच्या ओट्यावर. मोजायचं काम करिश्माकडे. कोरियन आकडे तिने मोबाइलवर ऐकून पाठ केले आणि स्वयंपाकघरात गॅसच्या वर कागदावर लिहून चिकटवले. हाना, दुल, सेत, नेत, दासत, योसत, इल्गुप, योदल, आहोप, योल. ती मोजायची, शकुनबाई लाथ मारायची. एकदा घाम पुसायला वळली तेव्हा तिला दिसलं, मोजता मोजता साडीच्या निऱ्यांआड करिश्माचाही पाय उचलत होता. थोडासा, चोरून, पण बरोबर. शकुनबाईने न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवसापासून मात्र तिला परीक्षेची घाई झाली.

परीक्षा फेब्रुवारीत, अमरावतीला. बाकीच्या दामिनीबरोबर रेल्वेने गेल्या. शकुनबाई पहाटे योगेशच्या टेम्पोत फुलकोबीच्या पोत्यांपुढे बसून निघाली. मूर्तिजापूरला दोघांनी चहा घेतला. दुसरं काही खाल्लं नाही, तेवढं ती आता शिकली होती. मनात भीती म्हणून नव्हती. हात येत होते, पाय येत होते, आवाज तर होताच.

परीक्षा घेणारे कुलदीप सर पन्नाशीचे, हळू बोलणारे. सुरुवातीचं सगळं नीट झालं. शेवटी पॅडवर दहा लाथा. पॅड धरायला समोर अपेक्षा होती, शकुनबाईच्याच वर्गातली, एका तपासणी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेणारी बारीक पोरगी. इथे एक फरक होता आणि तो कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. वर्गात मोजायची दामिनी, घरी मोजायची करिश्मा. त्यांचा आवाज थांबला की शकुनबाईचा पाय थांबे. परीक्षेत मात्र ज्याचं त्याने मोजायचं असतं.

"हाना!" शकुनबाई गरजली आणि पॅड थडकलं. "दुल!" "सेत!" एकेक लाथ आधीच्यापेक्षा सरस. कुलदीप सरांनी कागदावरून डोकं वर केलं. "आहोप!" "योल!"

योल म्हणजे दहा. अपेक्षाने श्वास सोडला आणि पॅड खाली घेतलं.

आणि शकुनबाईने वरून एक दिली.

न मोजता, न बोलता, अगदी बाजारात पडतं तशी. लाथ पॅडच्या कडेवर, अपेक्षाच्या उजव्या हाताच्या बोटांवर बसली. कट् असा आवाज झाला. पोरगी खालीच बसली. दामिनी धावली, कोणी बर्फ आणला, आणि शकुनबाई एका पायावर उभी असल्यासारखी तिथेच खिळून राहिली. पाय कधी उचलला हे तिला खरंच कळलं नव्हतं.

कुलदीप सर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर तिने सोसलं असतं.

"लाथ चांगली होती ताई," ते म्हणाले. "पन अकरावी कावून?"

"वरून देली, साहेब," शकुनबाईच्या तोंडून निघून गेलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तुमी योल म्हनलं म्हनून तिनं हात खाली घेतला. तुमचं ऐकून घेतला. मारायले कोनी बी शिकते ताई. मी पाहतो ते थांबनं. दोन महिन्यांनी या परत."

अपेक्षाच्या अनामिकेचं हाड चिरलं होतं. तीन आठवडे पट्टी, तीन आठवडे सुई हातात धरायची नाही. रिकाम्या टेम्पोतून परत येताना शकुनबाई बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत स्वतःच्या पायाकडे पाहत बसली. योगेश दोनदा म्हणाला, "आई, होते असं." नापास झाल्याचं तिला वाईट वाटलं होतंच. पण त्याहून वाईट हे वाटत होतं की, ज्या हाताला लोक देता हात म्हणत आले, त्याच सवयीने एका लेकराचं बोट मोडलं.

घरी दोघंही दारातच होते. करिश्माने साखर-खोबरं वाटीत काढून ठेवलं होतं. शकुनबाईने चप्पलही काढली नाही.

"नापास झाली मी. आन अपेक्षाचं बोट मोडलं माह्या लाथेनं."

वामनरावांनी डबी काढून टकटक वाजवली. "हेच म्हनत होतो मी," ते म्हणाले. "आज तिचं मोडलं, उद्या सुनेचं मोडन. ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं," शकुनबाई म्हणाली. "पन परीक्षा सरली नाही आजूक. दोन महिने हाये."

करिश्मा वाटी घेऊन आत गेली. झाकण लावल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी शकुनबाई पिशवीभर भाजी घेऊन अपेक्षाच्या घरी गेली. बोट पाहिलं आणि तिला रडू आलं, ते तिने लपवलं नाही. अपेक्षाच तिची समजूत घालत बसली. "काकू, मी बी चुकली. पॅड एकदम खाली घेत नाही कोनी." मग हसून म्हणाली, "भाजी राहू द्या, पन पुढच्या वेळी पॅड मीच धरीन. दुसरी कोनी तयार बी होनार नाही म्हना."

आता थांबायचं शिकायचं होतं, आणि ते लाथ शिकण्याहून जड निघालं. करिश्माला तिने मोजायला बंदी केली. स्वतः मोजायची. योल म्हणायची आणि पाय जायचा. दातओठ खाल्ले, पाय जायचाच. मोजणं मधेच बदलून पाहिलं, दोन दिवस उलटं मोजून पाहिलं. काही उपयोग नाही. शेवटी तिने दामिनीला बाजारात दुकानावर बोलावलं आणि समोर बसवून दहा लिंबं मोजून दाखवली. अकरावं पडलं. दामिनी त्या हाताकडे पाहत राहिली.

"काकू, ह्या हाताले दहावर संपल्यासारखं वाटतच नाही," ती म्हणाली. "वरून काही देल्याशिवाय तुमचा सौदा पुरा होत नाही. मंग द्या न वरून. पन लाथ नोका देऊ. योल म्हनलं की मान झुकवा. अकरावा नमस्कार द्या."

शकुनबाईला हे एकदम उमगलं. मान झुकवणं तसंही वर्गात सारखंच असे. आत येताना, जाताना, समोरच्याशी सराव सुरू करताना. आजवर ती ते उरकून टाकत होती. आता तिने त्याला अकराव्या लिंबाची जागा दिली.

सराव पक्का होईतो माणूस लागत होता, समोर धरायला. आणि नेमकी करिश्मा चुलतभावाच्या लग्नाला आठ दिवस माहेरी गेलेली. शकुनबाईने जुनी गोधडी पोत्यात भरली, पोतं दुमडलं आणि ते वामनरावांच्या हातात दिलं.

"मी?" वामनराव म्हणाले.

"तुमीच. मी योल म्हनलं की खाली घ्याचं."

एप्रिल लागला होता. ऊन कलल्यावर दोघं विहिरीजवळ उभे राहत. वामनराव पोतं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून, मागे रेलून. पहिल्या दिवशी शकुनबाईने दहा मारल्या, योल म्हटलं, पोतं खाली आलंच नाही, आणि अकरावी लाथ त्यावर थडकली. "पाह्यलं न! म्हनून नाही घेतलं," वामनराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती थांबली, मान झुकवली, पण वर पाहिलं तर पोतं छातीशीच.

"घ्या न खाली. थांबली न मी."

"आज थांबली. तुहा काय भरोसा?"

तो शब्द तिच्या जिव्हारी लागला. अठ्ठावीस वर्षं या माणसाच्या घरात तिने एकही काकडी कडू जाऊ दिली नव्हती. पण ती भांडली नाही. कारण तिला अपेक्षाचं बोट आठवलं. भरोसा तिनेच मोडला होता, आता मागून कसा मिळणार. "बरं," ती म्हणाली. "उद्या परत धरजा."

चौथा दिवस तसाच गेला. पाचव्या दिवशी तिने मोजायला सुरुवात केली तेव्हा वामनराव रोजच्यासारखे रेललेले नव्हते. सरळ उभे होते. "योदल! आहोप! योल!"

आणि वामनरावांनी पोतं खाली घेतलं. नुसतं खाली नाही, सोडूनच दिलं. पायाशी धप्पकन पडलं. दोन्ही हात मोकळे, पोट पुढे, डोळे गच्च मिटलेले. शकुनबाईचा पाय सवयीने वीतभर उचललाही होता. तो तिने परत जमिनीवर ठेवला. मग हात मांड्यांशी घेऊन, हळू, पूर्ण, कमरेतून वाकून नमस्कार केला.

थोड्या वेळाने वामनरावांनी एक डोळा उघडला. समोर वाकलेली बायको. काय करावं ते न सुचून तेही वाकले. टोपी पडली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

टोपी झटकत ते दुसरीकडे पाहत म्हणाले, "करिश्मा आली की तिले घेऊन जाजो क्लासले."

शकुनबाईचे डोळे भरून आले. पण ती शकुनबाई होती. "नाही," ती म्हणाली. "पयले मी पास होतो. ठरलं ते ठरलं."

आणि झाली. अमरावतीला पॅड अपेक्षानेच धरलं, जोडलेल्या बोटानिशी. योल झाल्यावर तिने पॅड सरळ खाली सोडलं, जरासुद्धा न बिचकता, आणि शकुनबाई तिच्यापुढे इतकी खाली वाकली की कुलदीप सरांना हसू आलं. "ताई, हा नमस्कार परीक्षेत नाही," ते म्हणाले. शकुनबाई म्हणाली, "असू द्या साहेब. हा माह्याकडून."

पिवळा पट्टा आला त्याच आठवड्यात करिश्माचा पहिला दिवस होता. हॉलकडे जाताना सासूची शिकवणी रस्ताभर चालली होती. "दोन घंटे आंधी खाल्लं न? त्याच्यावर काही खाल्लं असन त आत्ताच सांग. पायाले काही जुनं दुखनं हाय काय? मॅडमपाशी लपवू नोको. पोरी पाय कानाले लावतीन, तिकडं पाहू नोको. तुह्या कालच्या लाथेकडं पाहाचं."

"आई, आजच त चालली मी. कालची लाथ कुठून आनू?"

"हाय तुह्यापाशी," शकुनबाई म्हणाली. "विहिरीपाशी साडीतून मारत होती थे. मी पाहत होती."

करिश्माचे कान लाल झाले. "आन दहा झाले की थांबाचं," सासू पुढे म्हणाली. "दहा म्हनजे दहा."

"आन बजारात?"

"बजारात अकराच."

हॉलच्या दारापाशी वामनराव दोघींच्या आधीच येऊन उभे होते. संध्याकाळचं दुकान कोणाच्या भरवशावर टाकून आले, हे शकुनबाई विचारणार होती. तेवढ्यात त्यांनी खिशात हात घातला आणि आपली पितळी डबी पुढे केली. चिंचेने घासून लखलखीत केलेली. दोन्ही तोंडं रिकामी, तंबाखूचा वाससुद्धा नाही.

"रुमालात जोडवे हारपतीन कुठं तरी," ते म्हणाले. "याच्यात ठेवा. एका अंगाले तुहे, दुसऱ्या अंगाले तिचे."

तंबाखू त्यांनी सोडली नाही, प्लास्टिकच्या पुडीत ठेवायला लागले. करिश्मा हॉलच्या पायरीवर बसली, थुंकी लावून जोडवी फिरवत फिरवत काढली आणि सासऱ्यांच्या हातातल्या डबीत टाकली, दुसऱ्या तोंडात शकुनबाईने आपली. वामनरावांनी झाकणं लावली, डबी आत नेऊन खिडकीच्या फळीवर ठेवली, आणि उंबऱ्यातून बाहेर पडताना, तिथली रीत म्हणून, मान झुकवली.